पाय केव्हा गेले

माझी धाकटी बहीण शेवंता हिचं लग्न झालं ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. तिला सासरी पाठवून आठ दिवस झाले होते, दारातला मांडव अजून तसाच उभा होता, आणि मी न् माझा भाऊ काशिराम नाना ओकांच्या आगरात सुपारी पाडत होतो. मंगळवार होता, फेब्रुवारीची बावीस तारीख.

"दादा, मांडव कधी उतरवायचा रे?" काशिरामने वरून विचारलं.

"खाली उतर, मग बोलू."

"खाली कशाला उतरू? वरच्या वर जातो पुढच्या झाडावर. माझे गुडघे तुझ्यासारखे कुरकुरत नायत अजून."

आम्ही जातीचे भंडारी, धंद्याने पाडेली. नारळ न् सुपारी पाडणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. पोफळीचं झाड नारळासारखं दणकट नसतं. मांडीएवढं खोड आणि उंची चाळीस-पन्नास फूट. एकेका झाडावर चढत-उतरत बसलं तर दिवसाला वीस झाडंसुद्धा होत नाहीत. म्हणून चांगला पाडेली शेंड्यावरूनच झाड हलवतो, झोका मोठा करत नेतो, आणि झाड वाकलं की पुढच्या झाडाचा शेंडा धरून तिकडे जातो. तीस-तीस झाडं जमिनीला पाय न लावता करतो. मी केलंय ते वीस वर्षं. त्या साली गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून मी खाली घड गोळा करत होतो.

काशिराम माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला मीच वाढवला, सातवीपर्यंत शाळेत घातला, मीच त्याचं लग्न लावलं. मी स्वतः शाळेची पायरी चढलो नव्हतो. थट्टा तो माझी हवी तेवढी करायचा, पण मी एकदा काही म्हटलं की ते त्याच्यापुरतं ठरलं. मी बोलत असताना तो मधे बोलला असं कधी झालं नाही.

त्याने झोका घेतला. तिसऱ्या झोक्याला पुढच्या झाडाची झावळी त्याच्या हाताला लागली. ती सुकलेली होती. मुळातून सुटून त्याच्या हातात आली आणि तो तिच्यासकट खाली आला.

खाली पाण्याच्या पाटाला दगड लावले होते. त्या दगडावर तो बसल्यासारखा आपटला आणि कुशीवर कलंडला.

मी धावलो. शुद्धीवर होता. तोंड मातीने भरलेलं.

"काश्या! काश्या, बोल."

"आहे, आहे. ओरडू नको." त्याने माती थुंकली. "कंबर गेली रे दादा."

"पाय हलव."

त्याने पाय हलवले. दोन्ही हलले. उजवा गुडघ्यात जरासा वाकला, डाव्याची बोटं वळली आणि सुटली. मी डोळ्यांनी पाहिलं, एका हाताच्या अंतरावरून. माझ्या जिवात जीव आला.

"हलतायत ना? मग काय रडतोस? ऊठ."

"दादा, उठवू नको. पाठीत काय तरी सुटलंय. आत खरखरतंय."

आमच्या वाडीत पाडेली पडला तर त्याला पडलेला ठेवत नसत. ज्या झाडाने टाकलं त्याच झाडाला पाठ लावून त्याला उभा करायचा, बुंध्याशी नारळ फोडायचा, आणि मग त्याच्या तोंडाला पाणी लावायचं. त्याआधी नाही. मग झाडाचा राग उतरतो आणि माणूस परत चढता होतो. आमच्या बापाला असाच उभा केला होता, तो पंधराव्या दिवशी झाडावर होता. मी माझ्या डोळ्यांदेखत तिघांना असे उभे केलेले पाहिले होते, तिघेही चालते झाले होते. जे चालते झाले नाहीत त्यांचं कुणी सांगत नसे.

"गप बस," मी म्हटलं. "झाडाला पाठ दे, मग झोप हवा तेवढा."

तो पुढे काही बोलला नाही. मी त्याच्या काखेत हात घातले आणि उचलला. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, पन्नास नारळांचं ओझं एकटा उचलायचो. त्याला उभा करताना तो एकदाच ओरडला. मी त्याची पाठ खोडाला टेकवली, गुडघ्याने त्याला दाबून धरला आणि एका हाताने नारळ शोधत होतो, तेवढ्यात तो माझ्या अंगावर घसरत खाली आला. ओलं पोतं घसरावं तसा.

"दादा, पाय कुठायत माझे?"

"हे काय, इथेच."

"मला लागत नायत."

मी त्याच्या पायाला चिमटा काढला. मग नखाने ओरबाडलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काय करतोय ते त्याला कळतच नव्हतं.

ओरडा ऐकून त्याची बायको द्वारका आगराच्या दुसऱ्या टोकाहून आली. ती तिथे सुपाऱ्या सोलायला बसली होती. चार वर्षं झाली होती लग्नाला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पायांना हात लावून पाहिला आणि मला विचारलं, "भावजी, पाय केव्हा गेले?"

मी म्हटलं, "पडल्याबरोबर."

हे मी का म्हटलं, याचा मी पुढे बराच विचार केला. त्या वेळी केला नव्हता. तोंडात आलं ते बोललो. काशिरामने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

नाना ओकांनी आपली जीप दिली. मागे गादी टाकली, तीवर त्याला मुडपून घातला, कारण सरळ मावत नव्हता. चिपळूणच्या डॉक्टरांनी जीपमध्येच वाकून पाहिलं आणि म्हणाले, "इथे थांबू नका. घाट चढा. वर मोठ्या इस्पितळात मणक्याचे सर्जन आहेत." कुंभार्ली घाटात रस्त्याचं काम चाललं होतं. प्रत्येक खड्ड्याला द्वारका "हळू, हळू" म्हणायची. काशिराम एकदा म्हणाला, "अगं, खालचं काय दुखत नाय मला. वरचंच सांभाळ." ती रडायला लागली, तसा म्हणाला, "थट्टा केली गं."

इस्पितळात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते, उन्हं अजून होती.

सर्जन होते डॉक्टर शिरगुप्पे. पन्नाशीचे, बुटके, आवाज खणखणीत. कोटाच्या कॉलरला टाचणी टोचून ठेवलेली. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे आम्हा दोघांना लांब सारलं आणि चौघा माणसांकडून काशिरामला एकसारखा, कुठेही न वाकवता, फळीवर घेतला.

"याला असा घडी घालून आणलात? कापड आहे का ते?"

मग त्यांनी टाचणी काढली आणि अंगठ्यापासून वर टोचत आले.

"इथे कळतं?"

"नाय."

"इथे?"

"नाय."

जांघेपर्यंत त्याला काही कळलं नाही. त्यांनी पाय हलवायला सांगितले. काशिरामच्या कपाळावर घाम आला, पाय जागचे हलले नाहीत.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण?"

"थोरला भाऊ. भागोजी."

"पडले तेव्हा तुम्ही होता?"

"होतो."

"मग नीट आठवून सांगा. पाय केव्हा गेले? पडल्याबरोबर, की मागाहून?"

द्वारका माझ्या शेजारी उभी होती, तिच्या पदराचं टोक माझ्या हाताला लागत होतं.

"पडल्याबरोबर, साहेब."

"बोट, अंगठा, काहीच हललं नाही?"

"नाय."

त्यांनी काशिरामला विचारलं, "तुम्ही सांगा. बरोबर?"

काशिरामने मान माझ्याकडे वळवली. "दादा सांगतो तसंच," तो म्हणाला.

फोटो काढून आणला तो ओलाच होता. डॉक्टरांनी तो व्हरांड्याच्या खिडकीत उजेडाकडे धरला आणि आम्हाला जवळ बोलावलं. अडाणी माणसांना समजावून सांगणारे डॉक्टर तेव्हा थोडे होते. हे सांगत असत.

"हे मणके. एकावर एक रचलेले. यांच्या आत पोकळी असते, तिच्यातून मज्जारज्जू जातो. करंगळीएवढा. मेंदूचा हुकूम पायांना पोचतो तो त्यातून. हा मणका बघा, फुटलाय. आणि हा त्याचा तुकडा आत घुसून रज्जूवर बसलाय."

"तो काढता येत नाय?" द्वारकाने विचारलं.

"काढता येतो, बाई. पण काढून पाय परत येतील का, हा प्रश्न. पडल्या क्षणी पाय गेले असतील तर रज्जू त्या क्षणीच चिरडला. चिरडलेला रज्जू जोडता येत नाही. तसं असेल तर घाई करून उपयोग नाही, उलट जिवाला धोका. आठ-दहा दिवस जाऊ दे, अंग सावरू दे, मग सळया घालून मणका बांधू. निदान त्यांना बसता येईल."

"आणि पाय?"

"पाय नाहीत."

तिने माझा दंड धरला. जावेने जावेचा धरावा तसा, घट्ट. थोरल्या दिराला ती एरवी हातभर लांबून पाणी द्यायची.

डॉक्टर म्हणाले, "पडल्यावर पाय हलत असते आणि मागाहून गेले असते, तर गोष्ट वेगळी. मग रज्जू मेलेला नसतो, दबलेला असतो. मी त्यांना आत्ताच्या आत्ता टेबलावर घेतलं असतं आणि तुकडा काढला असता. दबलेलं कधी कधी सुटतं. पण त्याला वेळ असतो. तास गेला की तेवढं मरतं." फोटो खाली घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तसं नव्हतं ना?"

आता मला ठाऊक होतं, मला काय विचारतायत ते. सकाळी ठाऊक नव्हतं, मघाशीही नव्हतं. आता होतं. द्वारकाचा हात माझ्या दंडावर होता. पाय हलत होते म्हटलं की ती पुढचं विचारणार, मग गेले कशाने?

"नाय," मी म्हटलं.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

ती रात्र मी व्हरांड्यात काढली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. द्वारका आत त्याच्याजवळ होती.

सकाळी आठ वाजता डॉक्टर फेरीला आले. काशिरामच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या, लघवीची नळी घातली होती. डॉक्टर कागद बघत होते, तेवढ्यात तो म्हणाला,

"डॉक्टर, काल पाय हलत होते माझे. पडल्यावर."

डॉक्टरांनी कागद खाली केला. "काल तुम्ही नाही म्हणालात."

"मी नाय म्हणालो नाय. दादा म्हणाला."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"दादा बोलत होता."

"म्हणजे काय?"

"दादा बोलत असताना मी मधे बोलत नाय."

डॉक्टर स्टुलावर बसले. द्वारकाला म्हणाले, "बाई, मी काल व्हरांड्यात बोललो ते तुम्ही यांना सांगितलंत?"

तिने मान हलवली.

"वाटलंच. हे बघा, काशिराम, राग मानू नका. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. तीस वर्षं बघतोय, रात्री सगळ्यांचे पाय हलायला लागतात. पण मणका उघडणं म्हणजे फोड कापणं नव्हे. रक्त जातं, टेबलावर माणूस जातो. पाय येणार नसतील तर मी तो खेळ खेळणार नाही."

"मी खोटं बोलत नाय."

"दोघांतला एक जण बोलतोय." ते माझ्याकडे वळले. "भागोजी, शेवटचं विचारतो. तुम्ही तिथे होता."

काशिरामने या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. तो वर पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता. द्वारका मात्र माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावरून मला कळलं की नवऱ्यावर तिचा विश्वास बसलेला नाही. मी खोटं बोलेन असं तिच्या मनातही आलेलं नव्हतं.

"हलत होते," मी म्हटलं. "दोन्ही. मी त्याला उचलून झाडाला टेकवून उभा केला, तेव्हा गेले. तो नको म्हणत होता."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान वळवून बघायला लागला.

"किती वाजता?" डॉक्टरांनी विचारलं.

"उन्हं पाटावर आली होती. साडेआठ असतील."

त्यांनी घड्याळ पाहिलं. ओठ हलवून तास मोजले. "काल साडेपाचला तुम्ही जर—" एवढं म्हणून ते थांबले, उठले आणि दाराकडे जात जात ओरडले, "सिस्टर, थिएटरला कळवा! पहिली केस पुढे ढकला. रक्ताचं बघा. भाऊ, तुमचं रक्त तपासू द्या आधी."

द्वारका माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भावजी, मी तुम्हाला आगरातच विचारलं होतं." आणि पदराने काशिरामच्या कपाळावरचा घाम टिपायला लागली. तिथे घाम नव्हता.

सिस्टरने कागद आणला. मराठीत छापलेला होता. द्वारका चौथी शिकलेली, तिने बोट ठेवून तो मोठ्याने वाचला. ऑपरेशनमध्ये किंवा नंतर रोग्याच्या जिवाला धोका आहे, याची आम्हाला कल्पना दिलेली आहे, असं त्यात होतं. ती तिथे थांबली आणि ते वाक्य परत वाचलं.

"नको," ती म्हणाली.

"द्वारके."

"नको म्हणते ना! काल आठ-दहा दिवस थांबलेलं चालत होतं, आज लगेच जिवाला धोका? मला हा असाच चालेल. खाटेवर बसून सुपारी कातरील. मी मिळवीन. बसलेला चालेल मला, निजलेला चालेल. दिसला म्हणजे झालं."

"मला नाय चालत," काशिराम म्हणाला. "माझं मुताचं भांडं तू धुणार, मी सुपारी कातरणार. किती वर्षं? मी सत्तावीसचा हाय."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? माणूस टेबलावर जातो."

"अगं, रोज पन्नास फुटांवर झोके घेणाऱ्याला पडायची भीती कसली घालतेस?"

"पडलासच ना पण!"

त्यावर तो हसला. खरोखर हसला, पोटावर हात धरून, आणि दुखलं म्हणून लगेच थांबला. मग सिस्टरकडून पेन घेऊन उताण्यानेच कागदावर सही केली. सही वाकडी आली म्हणून खाली पुन्हा एकदा केली.

"घरच्या एका मोठ्या माणसाची पण लागते," सिस्टर म्हणाली.

द्वारकाने दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान पोरगी नेते तसे.

काशिराम म्हणाला, "दादा."

एवढंच. मी पुढे होऊन शाईत अंगठा बुडवला आणि सिस्टरने दाखवलेल्या जागी टेकवला. वर काय लिहिलं होतं ते तेव्हा कानांनी ऐकलं होतं. पुढे मी वाचायला शिकलो, आणि तो कागद स्वतः वाचला त्याला सतरा वर्षं जावी लागली.

पाच तास लागले. माझ्या अंगातलं एक बाटली रक्त त्याला जुळलं, ते घेतलं. आणखी घ्या म्हणालो, तर नाही म्हणाले. द्वारका आणि मी एकाच बाकावर बसलो होतो, मधे दोन माणसांची जागा सोडून.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा कोटाच्या आतला सदरा घामाने भिजलेला होता. ते आधी तिच्याशी बोलले. "तुकडा काढला. मागून हाड उघडून रज्जू मोकळा केला, दोन बाजूंनी दोन सळया घालून मणका बांधला. रज्जू तुटलेला नाही, बाई. सुजलाय, रंग बरा नाही, पण अखंड आहे. आता वाट बघायची."

"किती?"

"तो सांगेल तितकी."

मी विचारलं, "साहेब, काल संध्याकाळी केलं असतं तर?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं."

दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. चौघांनी मिळून, डोकं, खांदे, कंबर, पाय सगळं एका वेळी, ओंडका वळवावा तसं. मला ते शिकवलं. मी असेन तेव्हा कमरेची जागा माझी. "दादा, नारळ सोलतायत असं वाटतं रे," तो म्हणायचा. पाठीच्या टाक्यांत वेदना उठल्या की सगळ्या वॉर्डाला शिव्या घालायचा, मग सिस्टरची माफी मागायचा. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "काही झालं तरी याला बसवायचं नाही, उचलायचं नाही. मी सांगेपर्यंत. सळया सुटल्या तर आहे ते पण जाईल. तुम्हाला समजलं ना? तुम्हालाच सांगतोय."

"समजलं," मी म्हटलं.

सहाव्या दिवशी, मंगळवारी, द्वारका त्याच्या पायाला तेल लावत होती. तिने एकदम हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

"परत कर."

"काय परत करू?"

"अंगठा! आत्ता केलास तसा."

डाव्या पायाचा अंगठा हलला. जेमतेम, पानावरच्या अळीएवढा. डॉक्टर धावत आले, चादर बाजूला केली, म्हणाले, "हलवा." अंगठा हलला. "थांबवा." थांबला. "हलवा." त्यांनी टाचणी काढून तळव्याला टोचली आणि काशिराम म्हणाला, "अहो, दुखतंय की!" तसे ते इतके हसले की शेजारचा म्हातारा उठून बसायला बघत होता.

द्वारका बाहेर जाऊन चहा घेऊन आली. दोन पेले होते. एक काशिरामला चमच्याने पाजायला, दुसरा तिने माझ्या हातात दिला.

त्या दुपारी ती कपडे धुवायला गेली असताना मी त्याला म्हटलं, "काश्या, मला एक सांग. तू ओरडून का नाय म्हणालास? उठवू नको म्हणून?"

"म्हणालो की."

"एकदाच म्हणालास."

"तुला दोनदा सांगायची सवय कुठाय मला?" तो म्हणाला. "आणि तू उचलल्यावर वाटलं, दादाने उभा केलाय म्हणजे राहीन उभा. खरंच वाटलं रे."

मी उठून खिडकीशी गेलो. तो मागून म्हणाला, "ए दादा, मांडव उतरवायला सांग कुणाला तरी. वाळवी लागेल."

बुध, गुरू, शुक्र हे तीन दिवस चांगले गेले. डावा घोटा हलायला लागला. उजव्या मांडीत मुंग्या येतात म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "काठ्या घेऊन चालेल, कबूल करतो. झाडावर नाही हं." डाव्या पोटरीवर जराशी सूज आली होती. ती शुक्रवारी संध्याकाळी द्वारकाने मला दाखवली. आम्हाला वाटलं, पायात जीव येतोय त्याची असेल. आम्ही ती कुणाला सांगितली नाही.

शनिवारी सकाळी नुकतंच उजाडलं होतं. द्वारका खालच्या मजल्यावर गरम पाणी आणायला गेली होती. काशिराम जागा होता, मला म्हणाला की छातीत टोचतंय. मी म्हटलं, गॅस असेल. मग त्याचं तोंड एकदम राखेसारखं झालं. श्वास आत जाईना. नुसता घशात वाजत होता. त्याने दोन्ही कोपरांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला.

"दादा, बसव मला. बसव."

मी त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला खाटेवर दाबला. "नाय काश्या, डॉक्टरांनी सांगितलंय. पडून राहा. सिस्टर! सिस्टर!" त्याच्या अंगात जोर होता, पण माझ्या अंगात जास्त होता. मी त्याला उठू दिला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

सिस्टर आली, ऑक्सिजनचं नळकांडं आलं, डॉक्टर पायात चप्पल न घालता आले. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुप्फुसात गेली, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी त्यांना विचारलं की बसवला असता तर. ते म्हणाले, काही फरक पडला नसता. पोटरीच्या सुजेचं मी त्यांना विचारलं नाही. द्वारका दारात उभी होती, हातात गरम पाण्याची बादली तशीच होती, आणि तिने मला काहीच विचारलं नाही. त्यानंतर ती सव्वीस वर्षं आमच्या घरात राहिली.

माझा भाऊ काशिराम शनिवार, पाच मार्च एकोणीसशे त्र्याऐंशी रोजी सकाळी पावणेसात वाजता वारला. त्याचं वय सत्तावीस होतं. द्वारका दोन हजार नऊच्या ऑगस्टात वारली.